मी, बोटांच्या सांध्यांतली टी पेशी

मित्रांनो, मी एक जुनी टी पेशी आहे. रागावलेली आहे, हे आधीच सांगून ठेवते.

हाडांच्या आतल्या मज्जेत माझा जन्म झाला. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथे आमची शाळा. आपले कोण आणि परके कोण, एवढेच तिथे शिकवतात. जी पेशी आपल्यांवरच धावून जाते, तिला तिथल्या तिथे संपवतात. माझ्यातली खोट मात्र कुणाच्याच ध्यानात आली नाही. मला तसेच बाहेर सोडले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मी जिच्या शरीरात राहते, ती पुस्तके शिवायची. बांधणीच्या कारखान्यात तिच्याइतकी घट्ट शिवण कुणाचीच नव्हती. मला मात्र तिच्या बोटांच्या सांध्यांचे अस्तर शत्रू वाटले. मी हाकाटी केली, इतर पेशी धावून आल्या आणि सांधे सुजून टम्म झाले.

सकाळी तिला सुई धरवेना. दुपारपर्यंत बोटे जरा सैल व्हायची. कारखाना चालवणारा तिचा दीर सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी, सकाळी आखडलेले हात जेवणानंतर बरे चालतात? हे दुखणं आहे की कामाचा कंटाळा?"

कामगार हसले. तिथेच काम करणारा तिचा नवरा मान खाली घालून पुठ्ठे चिकटवायची खळ ढवळत राहिला. माझा संताप झाला. या आजारात सांधे सकाळीच जास्त आखडतात. पण पेशीला तोंड कुठे असते?

शेवटी ती एकटीच दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा संधिवाताचाच प्रकार आहे. शरीराचे रक्षकच घरच्यांवर उठलेत. मला विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका."

गोळ्यांनी आम्हाला वेसण घातली. सूज उतरली, शिवण पुन्हा सुरू झाली. मग दीर म्हणाला, "बऱ्या झालात ना? आता कशाला ते विष पोटात घालता?" नवऱ्याने गोळ्या उचलून कचऱ्यात टाकल्या. रोजच्या कटकटीला विटून तिनेही नव्या आणल्या नाहीत.

आम्ही पुन्हा उसळलो. या वेळी हाडेही कुरतडली गेली. उजव्या हाताची दोन बोटे वाकडी झाली, ती कायमची.

तिने औषध पुन्हा सुरू केले आणि कारखान्यात जाऊन दिरापुढे पंजा टेबलावर ठेवला. "भावोजी, आता नीट बघून घ्या. दिसतंय का दुखणं?"

कुणी हसले नाही. नवरा पुटपुटला, "चल, घरी जाऊ."

"तुम्ही जा. मला काम आहे," ती म्हणाली आणि कागदांच्या घड्या घालायला बसली.

मित्रांनो, माझ्यासारखीला आवरायला औषध आहे. दुखणाऱ्या माणसाला खोटे पाडणारे तोंड कसे आवरायचे, ते तुमचे तुम्ही बघा.