उतरवलेली पट्टी

गॅरेट हूक्स्ट्रा अमेरिकेतल्या मस्केगन गावी लोखंड ओतायच्या कारखान्यात भट्टीपुढे गायचा, आणि यंत्रांच्या गोंगाटातही त्याचा आवाज फाटकापर्यंत पोचायचा. एकोणीसशे एकोणसत्तरमध्ये गिटारवाल्या व्हर्जिल टॅमने त्याला तिथून उचलून आपल्या बँडपुढे उभं केलं. पाच वर्षांनी व्हर्जिलनेच लिहिलेलं एक गाणं देशभर वाजलं. शेवटी गॅरेट जो उंच सूर धरायचा, त्यासाठी लोक स्टेडियमं भरायचे. पुढे काळ फिरला, स्टेडियमांच्या जागी जत्रा आल्या. पण समोर तीस हजार असोत की तीनशे, गॅरेट कधी हात राखून गायला नाही. व्हर्जिलला याचंच अप्रूप होतं.

साठी उलटल्यावर आवाज फाटायला लागला. डॉक्टरांनी गाणं सोडायला सांगितलं. गॅरेटने मान डोलावली आणि पुढचे कार्यक्रम घेतले.

आयोनियाच्या जत्रेत, दुपारच्या कार्यक्रमाआधी, व्हर्जिलने गुपचूप गिटारच्या तारा अर्ध्या सुराने उतरवल्या.

"कळलं तर सोलून काढेल तुला," कीबोर्डही तेवढाच खाली घेत मार्लिस म्हणाली.

"काढू दे. गळा तरी वाचेल."

कार्यक्रमात त्या गाण्याच्या दुसऱ्याच ओळीला गॅरेटने हात वर केला. वाजवणं थांबलं.

"व्हर्ज, पट्टी कुणी उतरवली?"

"मी. अर्धा सूर."

"लेका, करायचंच तर भीत भीत कशाला? आणखी एक उतरव."

व्हर्जिल गिटारच्या खुंट्या पिळू लागला, मार्लिसनेही कीबोर्ड खाली घेतला. गॅरेट लोकांकडे वळला. "मंडळी, तो शेवटचा सूर आता माझ्याकडे नाही. तोच हवा असेल त्यांनी घरी रेकॉर्ड लावावी. मी मात्र गाणार आहे."

कुणी उठलं नाही.

तो खालच्या पट्टीत, सावकाश गायला. तलावावर मासेमारीला गेलेल्या आणि न परतलेल्या आपल्या बापावर व्हर्जिलने ते शब्द लिहिले होते. इतकी वर्षं लोक त्या सुराची वाट बघत शब्द ओलांडून जात. आज पुढच्या रांगेतल्या बाईचा पॉपकॉर्न मांडीवर तसाच राहिला. व्हर्जिलची बोटं दोनदा चुकली.

सामान गाडीत चढवताना गॅरेट म्हणाला, "तुझ्या बापाचं गाणं आहे हे. मी नुसता त्याच्या शेंड्यावर चढत राहिलो रे."

"चांगला चढायचास," व्हर्जिल म्हणाला.

त्यानंतर नऊ वर्षं गॅरेट त्याच पट्टीत गायला.