चार वाजताची भूक

रविवारी सकाळी माझ्या लेकीच्या, सईच्या शाळेत स्वयंपाकाचा क्लास असतो. पाटीवर ‘पालकांसाठी’ असं लिहिलंय, येतात मात्र सगळ्या आयाच. बाप बहुधा पालकांत मोडत नसावेत. आठवड्यातला एकच सुट्टीचा दिवस, तोही शाळेच्या बाकावर बसून दुधी किसण्यात घालवायचा म्हणून मी आधी खूप चरफडले. पण सुटका नव्हती. सई नऊ वर्षांची आहे आणि तिची साखर आत्ताच काठावर आलीये. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दिवाळीपर्यंत वजन आटोक्यात आणा, नाहीतर गोळ्या सुरू. एवढ्याशा पोरीला गोळ्या!

क्लास मालिनीताई घेतात. त्यांचे मिस्टर एमआयडीसीत साहेब होते, पण बाई साध्या आहेत. कमी तेलात फोडणी कशी द्यायची, मुगाच्या धिरड्यात दुधी कसा लपवायचा, छान शिकवतात. हे सगळं करायला अंगात जीव शिल्लक लागतो, तेवढं मात्र त्या शिकवत नाहीत.

मी उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या कारखान्यात धागे कापते. सकाळी शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या सीटवर लटकत जायचं आणि मोरिवलीला घरी पोचायला रात्रीचे आठ. तरी क्लास सुरू झाल्यापासून मी पहाटे उठून सईसाठी धिरडी करून झाकून ठेवायला लागले. शाळेतून आली की खाईल म्हणून. रोज घरी येऊन झाकण उघडावं तर धिरडी तशीच. गार, चिवट. टाकवत नाहीत म्हणून ती मीच खायची. सईचं वजन हललं नाही, माझं वाढलं.

कारण मला माहीत होतं. माझा नवरा उन्मेष पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत पहिल्या पाळीला असतो. सुटायच्या आधी कॅन्टीनमध्ये चहाबरोबर दोन बटाटेवडे मिळतात. ते तिथं एकही बाप खात नाही. आमच्या आळीत तशी रीतच पडलीये, वडे डब्यात घालायचे आणि घरी आणायचे. चारच्या सुमाराला पोरं नाक्यावर वाट बघत उभी असतात. सई बापाच्या हातातून डबा ओढून घेते आणि घराच्या पायरीपर्यंत एक वडा संपलेला असतो. मग कुठली धिरडी आणि कुठलं काय.

मी त्याला बोलून बोलून थकले. तो म्हणायचा, “अगं, दिवसभर मशीनवर उभा असतो मी. तिला द्यायला तेवढंच तर आहे माझ्याकडे.” मी भांडी आपटायचे.

एका रविवारी मालिनीताईंनी पोरांनाही बोलावून त्यांची वजनं केली आणि मला सगळ्यांसमोर विचारलं, “सईचं कमी का होत नाही?” मी भडकलेच. “ताई, आणखी काय करू मी? पहाटे उठून बनवते, ती हात लावत नाही. तिच्या मागे फिरायला मी घरी असते का?”

ताई रागावल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, “स्वप्नाली, तिला भूक चारला लागते. सकाळचं गार धिरडं वड्यापुढं कसं टिकणार? चारला घरी कोण असतं?”

“तिचे पप्पा.”

“मग धिरडी त्यांना शिकवा ना.”

सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. घरी येईपर्यंत ते हसू मावळलं होतं.

उन्मेषला सांगितलं तर त्यानं दोन्ही हात पुढं केले. “हे बघ. नखातलं ग्रीस निघतं का? पावडरनं घासलं तरी वास जात नाही. पोरगी खाईल का माझ्या हातचं?”

लग्न झाल्यापासून हे असंच चाललंय. त्याच्या हाताला ग्रीस, म्हणून त्यानं ओट्याकडे फिरकायचं नाही. सासूबाईंनी मला पहिल्याच दिवशी तसं सांगितलं होतं आणि मलाही त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

त्या दिवशी भांडायचंही त्राण नव्हतं. मी नुसता माझा हात त्याच्या हाताशेजारी ठेवला. नव्या जीन्सचा रंग बोटांत बसतो. माझा अंगठा तर नखापर्यंत निळा आहे. “याच हातानं इतकी वर्षं कणिक मळतेय,” मी म्हणाले. “मला नाही कुणी विचारलं, रंग जातो का म्हणून.”

तो माझ्या बोटांकडे बघत राहिला, बहुधा पहिल्यांदाच. मग उठला आणि त्यानं विचारलं, “मूग किती भिजवायचे?”

दुसऱ्या दिवशी मूग भिजवून, दुधी समोर काढून ठेवून मी कामावर गेले. संध्याकाळी दार उघडलं तर घरभर करपल्याचा वास, ओट्यावर पीठ सांडलेलं, मिक्सरचं झाकण जमिनीवर. माझं डोकंच फिरलं. आता हे आवरणार कोण? मीच.

सई धावत आली. “मम्मी, पप्पांची पहिली सगळी फाटली! मग एक मस्त गोल झालं. मी दोन खाल्ली, पोट फुल.”

“आणि वडे?” मी विचारलं.

उन्मेषनं मान खाली घातली. “तिथंच खाल्ले. चोरी केल्यासारखं वाटत होतं. गरम असतात गं ते. मला माहीतच नव्हतं.”

या माणसावर रागावून मी रोज भांडी आपटत होते आणि त्यानं आपल्या वाटचा वडा कधी गरम खाल्ला नव्हता.

“बस,” तो म्हणाला. मी हातपाय धुऊन बसले. त्यानं ताट वाढलं. धिरडं एका बाजूनं जाड, दुसरीकडून करपलेलं, मीठ जास्त. दिवाळी तोंडावर आलीये आणि एका दिवसानं सईची साखर काही उतरणार नाही. पाय ठणकत होते. ओटा तसाच पडला होता. मी खात होते.

तो कालथा घेऊन तव्यापाशी उभा होता. तिथूनच त्यानं विचारलं, “अजून एक वाढू?”

या घरात आल्यापासून हे मीच विचारत आलेय. मी ताट पुढं केलं.