यानातला सातवा

ती दातांच्या कवळ्या बनवायची. एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत तिचं टेबल होतं. दिवसभर मेण, प्लास्टर आणि घासकाम. जेवणाच्या सुट्टीत मात्र ती खुनांत रमायची. पन्नासाव्या पानाच्या आत खुनी हेरायचा, त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून शेवटच्या पानात खोचायचं आणि तिथं पोचल्यावर ताडून पाहायचं, हा तिचा शिरस्ता. चिठ्ठी क्वचितच चुकायची.

वाचनालयातली रहस्यकथांची दोन्ही कपाटं पालथी घालून झाली, तेव्हा ग्रंथपाल बाईंनी एक अंतराळातली कादंबरी पुढे केली. तिने नाक मुरडलं. यंत्रमानव आणि परग्रहावरची माणसं यांच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

"खून नाही यात," ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "पण तुमची चिठ्ठी काही इथं चालायची नाही."

एवढं डिवचणं पुरे झालं.

गोष्ट तशी साधी होती. सहा जणांना घेऊन एक यान निघालेलं. चौथ्या वर्षी एका सकाळी नाश्त्याला सात जण बसले. सगळे सगळ्यांना ओळखत होते. प्रत्येकाला बाकी सहा जणांच्या आठवणी होत्या, भांडणं ठाऊक होती. बिछानेही सात. फक्त निघतानाच्या एका कागदावर आकडा सहा होता, आणि नावं नव्हती.

पन्नासाव्या पानावर पोचताच तिने चिठ्ठीवर जास्तीचा सातवा म्हणून यानावरचा 'डॉक्टर' लिहिला. पुढे कळलं की तो कागद डॉक्टरनेच शोधून काढला होता. चिठ्ठी फाडून तिने दुसरी लिहिली, मग तिसरी. डोक्याला भुंगा लागला. वरच्या कवळीत चौदा दात बसवायचे, हे तिच्या हातांना कधीचं पाठ होतं. त्या आठवड्यात ती ते दोनदा मोजू लागली.

शेवटी त्या सात जणांनी कागद जाळला आणि जेवायला बसले. पुस्तक संपलं.

ती तणतणत वाचनालयात गेली आणि शेवटची पानं फाटली असल्याची तक्रार केली. ग्रंथपाल बाईंनी पानं तपासली. सगळी जागच्या जागी होती.

घरी सासरे होते. वर्षभरापूर्वीच्या आजारपणापासून ते मधूनच म्हणायचे, की घरात एक माणूस जास्त आहे. तिचा नवरा दर वेळी न कंटाळता बोटांवर मोजून दाखवायचा: तुम्ही, मी, ही. तिघंच. तीही तेच करायची.

त्या रविवारी दुपारी नवरा बाहेर गेला होता, ती कपड्यांच्या घड्या घालत होती. सासरे पुन्हा तेच म्हणाले. या वेळी तिने बोटं पुढे केली नाहीत.

"जास्तीचं कोण वाटतं, बाबा?"

ते आपल्या हातांकडे बघत राहिले. "मीच असेन. तुम्हा दोघांचं तर नीट चाललेलं असतं."

रहस्यकथेतला गुप्तहेर अशा वेळी तीन पानं बोलतो. तिने हातातली चादर बाजूला ठेवली आणि, दुसरं काही येत नव्हतं म्हणून, यानाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली.

"त्या सातव्याला ठाऊक होतं का, की आपण सातवे?"

"नाही."

"मग बरं आहे त्याचं," ते म्हणाले.

संध्याकाळी तिने हे नवऱ्याच्या कानावर घातलं. इतके दिवस आपण काय मोजत होतो, एवढंच तो पुटपुटला.

दोन दिवसांनी चहा पिताना वडिलांनी पुन्हा विषय काढला, तेव्हा तो त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसला. "या घरात पहिले तुम्ही आलात, बाबा. मी नंतर, ही त्याच्याही नंतर. जास्तीचे असलो तर आम्ही."

सासऱ्यांनी त्यावर विचार केला. मग चहात साखर कमी आहे म्हणाले, आणि ती साखर आणायला उठली.