परत एकदा दाखवा

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या त्या कारखान्यात इस्त्रीवाल्या बायकांना बसायची बंदी होती. खिडकीसुद्धा खिळे ठोकून बंद. का, तर चादरींवर धूळ बसते! "जी बसेल तिनं सरळ घरी जायचं," हा मुकादमाचा कायदा. घर होतं समुद्रापलीकडे, म्हणून धमकी बरोबर लागू पडायची.

तिथं दोघी जावा कामाला होत्या. थोरलीनं पुष्कळ सोसलं. पण धाकटीला सातवा महिना लागला आणि एके सकाळी हातात तापलेली इस्त्री असताना तिचा तोल गेला. थोरलीनं तिला सावरलं, तर मुकादम खेकसला, "नाटकं पुरेत. पुन्हा असं दिसलं तर हिला उद्यापासून आणू नकोस."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडली असती तर दोघींचंही काम गेलं असतं. हा मेला एरवी सारखा म्हणायचा, "तुम्हा बाहेरच्या बायकांच्या डोक्यात काही शिरतच नाही. शंभरदा दाखवावं लागतं!"

दाखव की मग, ती मनात म्हणाली. जेवणाच्या सुट्टीत तिनं सगळ्यांच्या कानावर आपला बेत घातला.

सुट्टी संपली आणि अख्खी खोली काम विसरली. घड्या उलट्या, कोपरे वाकडे. बाहेर हॉटेलची गाडी ताटकळत उभी.

"साहेब, घडी जमेना हो. दाखवता?"

"म्हणत नव्हतो मी?" मुकादम खुशीत बाह्या सरसावून इस्त्रीला उभा राहिला. एकीला दाखवावं तोवर दुसरी विसरायची.

"अगंबाई, किती सोपं! परत एकदा दाखवा ना."

त्याचा शर्ट अंगाला चिकटला, घाम डोळ्यांत उतरला. शेवटी "आई गं!" म्हणत त्यानं पालथ्या टोपलीवर बसकण मारली.

थोरलीनं पाण्याचा पेला पुढे केला. "साहेब," तिनं अगदी काळजीनं विचारलं, "आता तुम्ही घरी जाणार का हो?"

मग कुणालाच हसू आवरेना. इतक्या दिवसांत धाकटी पहिल्यांदाच खळखळून हसली. मुकादमानं पक्कड मागवली आणि खिडकीचे खिळे स्वतः उपटले.

दुसऱ्या दिवशी धाकटी त्याच टोपलीवर बसून घड्या घालत होती. मुकादम आला, बघितलं, तोंड उघडलं.

"बरं झालं आलात," थोरलीनं चादर पुढे केली. "हा कोपरा परत एकदा दाखवता?"

मुकादमाला अचानक बाहेरचं काम आठवलं. त्याची पाठ वळली तशा खोलीतल्या बाकीच्या टोपल्याही एकेक करून पालथ्या झाल्या.