भरलेल्या वह्या

माहेनूरला अंगणवाडीतून काढायचं, हे अफसानानं एका सोमवारी दुपारी ठरवलं. अकोल्याच्या जुन्या शहरातली ती अंगणवाडी म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढे हातभर अंगण. पोरीला न्यायला ती जरा लवकर पोचली, तर चार वर्षांची माहेनूर उकिडवी बसून चिखलाची वांगी विकत होती. "घ्या ना काकू, ताजे हायेत! नाई घ्यायचे तं पुढं व्हा, लाइन लागली मागं!" नव्या फ्रॉकवर चिखलाचे ओघळ आले होते.

आदल्याच दिवशी जाऊबाईंच्या घरी त्यांच्या तनवीरनं पाहुण्यांसमोर शंभरपर्यंत इंग्रजी आकडे म्हणून दाखवले होते. तनवीर माहेनूरच्याच वयाचा. अफसानाच्या डोक्यातून ते जात नव्हतं.

"बाई, वर्ष झालं," ती सेविका कौशल्याबाईंना म्हणाली. "पोरीले अजून एबीसीडी येत नाई. नुसती मातीत लोळून राहिली."

कौशल्याबाईंनी बावीस वर्षं पोरं सांभाळली होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "गेल्या वर्षी हे पोरगी तुया पदराआडून निघत नव्हती. आता पाहा, गिऱ्हाइकाले लाइनीत उभं करते. बोलणं, थांबणं, वाटून घेणं, शाळेले हेच लागते आधी. मातीत बोटं घट्ट होऊ दे, मंग पेन्सिल आपोआप धरन."

"पहिलीत घेतीन का पण तिले मोठ्या शाळेत? सांगा."

याची हमी कौशल्याबाई देऊ शकत नव्हत्या. अफसानाला तेवढंच पुरलं.

तिला स्वतःला आठवीतून काढलं होतं. पाच भावंडांत थोरली. सहाव्या वर्षी तिच्या कडेवर धाकटा भाऊ होता. कोणी काम सांगितलं नाही की माणूस करतं ते खेळणं, एवढीच तिची समजूत. नवरा शाकीब गाद्या भरायचा. तो म्हणाला, "आत्ताच काहून? चार वर्साची तं हाये."

"मंग काय तुमच्यासारख्या गाद्या भरू दे तिले?"

शाकीब उठून दुकानात गेला. पुन्हा त्या विषयावर तो बोलला नाही.

अफसानानं पोरीला ज्या नर्सरीत घातलं ती दुमजली होती. टाय होता, चार वह्या होत्या. रोज संध्याकाळी अफसाना पोरीचा हात धरून लिहून घ्यायची. पाचाचा आकडा उलटा यायचा. खोडता खोडता कागद फाटायचा. एकदा अफसानानं पाठीत धपाटा घातला, तेव्हा माहेनूर रडलीसुद्धा नाही. खाली वाकून तिनं तोच पाच पुन्हा काढायला घेतला. अंथरूण ओलं होऊ लागलं. नखं कुरतडून बोटांची टोकं लाल झाली. मग हळूहळू तिनं बाहेर जायचा हट्ट सोडला. पोरगी शहाणी झाली, असं अफसाना सगळ्यांना सांगायची. वह्यांवर लाल चांदण्या पडत होत्या.

दीड वर्षानं शाकीबला अमरावतीत काम मिळालं. राजापेठेच्या मागं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. जवळच मोठी शाळा होती. पहिलीच्या प्रवेशाला बोलावणं आलं तेव्हा अफसानानं सगळ्या वह्या पिशवीत भरून नेल्या.

मॅडमनं वह्या उघडल्या नाहीत. लाकडी ठोकळे टेबलावर ओतले. "बेटा, तुला हवं ते कर."

माहेनूरनं ठोकळ्यांकडे पाहिलं, मग आईकडे. "काय करायचं?"

"काहीही. तुला आवडेल ते."

तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले. मॅडमनं एक बाहुली पुढे केली. "हिला भूक लागली आहे. आता काय करशील?"

माहेनूरच्या ओठांची हालचाल झाली. बारीक आवाजात ती ए, बी, सी, डी म्हणू लागली. कोणी थांबवलं नाही. झेडपर्यंत म्हणून झाल्यावर तिनं श्वास घेतला.

"ही घरी खेळते का?" मॅडमनं अफसानाला विचारलं.

"नाही मॅडम! अजिबात नाही," अफसाना अभिमानानं म्हणाली. आणि मग तिला मॅडमचा चेहरा दिसला.

"यंदा नको. तिला येतं खूप, पण नवीन काही समोर आलं की ती घाबरून थिजते. एक वर्ष मोकळं खेळू द्या."

पुढच्या शुक्रवारी अफसाना एकटीच अकोल्याला गेली. अंगणवाडीला कुलूप होतं. गल्लीतल्या एकेकीनं पोरं नर्सरीत घातली होती. उरलेली सहा मोर्णा नदीपलीकडच्या अंगणवाडीत गेली होती. कौशल्याबाई आता घरीच असायच्या. अफसाना तिथं गेली तेव्हा त्या दारात तूर निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोष दिला नाही. ते अफसानाला जास्तच लागलं.

"तूच खेळ तिच्यासंगं," त्या म्हणाल्या.

"मले येत नाई, बाई."

कौशल्याबाईंचा हात सुपात थांबला. "मंग तिलेच इचार," त्या म्हणाल्या, पण त्यांच्याही आवाजात जोर नव्हता.

घरी आल्यावर अफसानानं चादर अंथरली, कप-बशा मांडल्या. माहेनूर हाताची घडी घालून समोर बसली.

"मी काय करू, अम्मी?"

"तू सांग."

"तू रागावशीन."

"नाई रागावत, बेटा."

पोरीनं कशाला हात लावला नाही. तेवढ्यात शाकीब आला. दारात चपला काढून तो चादरीच्या कडेला टेकला. "चहा भेटन का?"

माहेनूरनं आईकडे पाहिलं. अफसानानं मान हलवली. तेव्हा तिनं एक कप उचलून बापापुढे ठेवला आणि हात चटकन मागे घेतला. त्या दिवशी तेवढंच झालं. नंतरच्या दिवसांतही फारसं पुढे गेलं नाही. कधी दोन कप, कधी एकही नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. समोरच्या बिल्डिंगमधली पोरं नवी दप्तरं घेऊन निघाली. माहेनूर खिडकीच्या गजांशी उभी राहून बघत होती.

"अम्मी, माझं कोणतं अक्षर चुकलं होतं?" तिनं विचारलं.

अफसाना तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. तिला जवळ घ्यावं म्हणून तिनं हात उचलला, तशी पोरीनं अंग चोरलं.