एका कडेला पातळ

हॅमच्या कापाच्या कडेला चरबीची पांढरी पट्टी असते. तिला चिरा पाडल्या नाहीत तर तापल्या तव्यावर काप वाटीसारखा वळतो आणि मधला भाग तव्याला टेकतच नाही. दोन दोन बोटांवर एक चीर, असं लिआनला सासूनं शिकवलं होतं. दोन दोन बोटांवर. लिआननं सुरी खाली ठेवली, हात एप्रनला पुसले आणि मग पुन्हा उचलली.

"आज पण हॅम?" टेसानं खुर्चीवर उभं राहून विचारलं. तिला नुकतंच चौथं लागलं होतं.

"आज पण."

"काल पण हॅम होतं."

"कालचं बूमसमाकाकूंनी दिलेलं होतं. आजचं आपलं आहे. खाली बस आधी, पडशील."

कालचंच कशाला, गेले सहा आठवडे घरात दुसरं काही आलंच नव्हतं. नवऱ्याचा, डेरिनचा, हात कारखान्यातल्या करवतीत गेला त्याच आठवड्याच्या रविवारी चर्चमध्ये यादी फिरली आणि बायकांनी आपापले वार लिहून टाकले. आजारपण असो, बाळंतपण असो, मयत असो, यादी फिरतेच. संध्याकाळी पाचला दारात कुणीतरी फॉइलनं झाकलेलं भांडं घेऊन उभं, भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव. पहिल्या दिवशी अननस लावलेलं हॅम. दुसऱ्या दिवशी हॅम घालून भाजलेले बटाटे. तिसऱ्या दिवशी हॅमचे गोळे, टोमॅटोच्या गोड रस्स्यात. गावात कारखाना डुकराच्या मांसाचा, निम्म्या घरांत फ्रीज त्याच मालानं भरलेला, म्हणून ज्या माणसाची बोटं हॅम कापताना गेली त्याच्या घरी अख्ख्या गावानं हॅम पोचवलं आणि एकीच्याही डोक्यात काही आलं नाही. लिआन दारात उभी राहून प्रत्येकीला "किती केलंत हो" म्हणाली. हसून म्हणाली. त्या हसण्याचा राग तिला अजून येत होता.

आणि आज ती स्वतःच हॅम करत होती. कारण गेरिटमामा जेवायला येणार होते, आणि गेरिटमामांना हॅमचा पीच लावलेला काप आवडतो.

डेरिन गॅरेजमधून आत आला. डावा हात नेहमीप्रमाणे जाकिटाच्या खिशात. घरातही.

"साडेपाचला येतात," तो म्हणाला.

"माहितेय."

"माझा काप कापून देऊ नकोस आज. अख्खाच ठेव."

"मग खाणार कसा?"

"बटाटे खाईन."

"मामांना माहीत नाही का तुझा हात कसा आहे ते? उचलून गाडीत त्यांनीच घातलं होतं तुला."

"तेव्हाचं वेगळं. बायको घास करून देते ते बघणं वेगळं."

लिआननं पुढच्या कापाला चीर पाडली. बोलायचं होतं ते तीन दिवस बोलून झालं होतं. गेरिटमामा म्हणजे डेरिनच्या आईचे धाकटे भाऊ. कारखान्यात काप विभागाचे फोरमन, आणि चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक. डेरिन एकोणीस वर्षांचा असताना त्यांनीच त्याला करवतीवर उभं केलं होतं. त्याला आता अकरा वर्षं झाली. आज ते खिशात एक कागद घेऊन येणार होते. करवतीचा गार्ड, म्हणजे पात्यावरची संरक्षक पट्टी, मी माझ्या मर्जीनं, कुणीही न सांगता तारेनं वर बांधून ठेवला होता, असं त्या कागदावर लिहिलेलं होतं. डेरिननं सही केली की त्याला फाटकावरच्या केबिनमध्ये बसायचं काम मिळणार होतं, येणारे ट्रक लिहून घ्यायचं. नाही केली तर शुक्रवारी नाव कमी.

सही कर, असं लिआनच म्हणत होती. रात्री टेसाची छाती शिट्टीसारखी वाजायला लागली की ती तिला उठवून बसवायची आणि दम्याचा फवारा तोंडाशी धरायची. तो फवारा कारखान्याच्या विम्यावर येत होता. बाकी कुठल्या खऱ्याखोट्याशी तिला घेणं नव्हतं, असं ती स्वतःला सांगत होती. कॉलेजात दोन वर्षं काढलेली बाई, कागदावर काय लिहिलंय ते तिला नीट वाचता येत होतं, आणि ते वाचून ती नवऱ्याला म्हणाली होती, कर सही. मामांचा राग होता, गावाचा होता, पण सगळ्यात मोठा राग या गोष्टीचा होता, आणि तो काढायला घरात जागा नव्हती.

तिनं बिडाचा तवा तापवला. हॅम आधीच शिजलेलं असतं, नुसतं दोन्ही अंगांनी लालसर करायचं. बाजूला पीचचा जॅम, मोहरीची पेस्ट, चमचाभर ब्राउन शुगर आणि व्हिनेगरचा शिंतोडा घोटून ठेवला होता. तो शेवटच्या दोन मिनिटांत ओतायचा. आधी ओतला की साखर जळते. एवढी साधी गोष्ट, वीस मिनिटांचं काम, कामावरून दमून आलेल्या बाईनं डोळे मिटून करावं असं.

पण काप नीट होईना. एका कडेला चटकन काळा पडायला लागला, दुसरी कड अजून फिकट गुलाबी. तिनं तवा फिरवला, उलथन्यानं काप दाबून धरला. तेच. दुसरा काप टाकला, त्याचंही तेच.

"हा मेला स्टोव्ह एका बाजूला कललाय," ती म्हणाली. "तुला किती वेळा सांगितलं पायाखाली काहीतरी घाल म्हणून."

"कललेला नाहीये."

"मग काय माझे डोळे कललेत?"

शेवटी तिनं पाक जरा जास्तच ओतला आणि काळ्या कडांवर डब्यातल्या पीचच्या अर्ध्या फोडी ठेवून झाकून टाकलं.

मामा बरोबर साडेपाचला आले. टोपी खुंटीला लावली, टेसाच्या केसांत हात फिरवला.

"काय गं लिआन, वास पार रस्त्यापर्यंत येतोय. मी म्हटलं या गल्लीत जेवायला मिळणार." मग डेरिनकडे बघून, "चर्चच्या बायकांनी खाऊ घालून घालून तुलाच डुकरांच्या वजनकाट्यावर न्यायची वेळ आणली की रे."

डेरिन हसला. मामांनी काही म्हटलं की हसायचं, ही त्याची लहानपणापासूनची सवय. मामांच्या शर्टाच्या खिशात कागदाची घडी दिसत होती. लिआनची नजर तिकडे गेलेली मामांनी पाहिली.

"ते नंतर," ते म्हणाले. "आधी जेवण, मग बायबलचा अध्याय, मग कामाचं. तुमच्या आजोबांच्या घरातही तसंच होतं."

प्रार्थना झाली. बटाटे, हिरव्या शेंगा आणि पाव टेबलाभोवती फिरले. मामा चवीनं खात होते. पाऊस लांबला, नव्या पास्टरांचं प्रवचन लांबतं, कुणाच्या तरी गोठ्याचं छप्पर उडालं, असं काय काय बोलत होते. लिआन टेसाचे घास करत होती. डेरिननं बटाटे संपवले आणि त्याच्यापुढे तो अख्खा काप नुसता राहिला. एका हातानं कापता येत नव्हता म्हणून तो त्याच्याकडे बघत बसला.

मग त्यानं उजव्या हातातल्या काट्यानं पीचची फोड बाजूला सारली. प्लेट थोडी फिरवली. अंगठा काळ्या कडेशी लावला, मग दुसऱ्या कडेशी.

"हे पाकीट कधीचं गं?"

"काल आणलं. का?"

"त्याच्यावरची तारीख बघ."

तिनं उठून कचऱ्याच्या डब्यातून वेष्टन काढलं. "गेल्या गुरुवारी कापलंय."

"मामा, सध्या करवतीवर कोण आहे?"

"मारिसेला," मामा खाता खाता म्हणाले. "चांगली आहे. हात चालतो तिचा."

"गार्ड अजून वर बांधलेलाच आहे."

मामांचा काटा थांबला. "कोण म्हणतं?"

"हा काप म्हणतो. या अंगाला जाड आहे, त्या अंगाला पातळ. गार्ड खाली असला की पात्याला वरून आधार असतो, ते सरळ जातं. गार्ड वर बांधला की हाडाला लागल्यावर पातं एका अंगाला ढळतं. मी अकरा वर्षं ढळतं पातं सांभाळून काप सरळ काढत होतो, म्हणून कुणाला दिसत नव्हतं. तिला अजून ते जमत नाही."

"एवढं तुला जेवणाच्या ताटात कळलं होय?" मामा हसायला गेले, पण त्यांची नजर स्वतःच्या प्लेटकडे गेलीच. लिआननंही आपला काप पाहिला. एक कड बोटभर जाड, दुसरी त्याच्या निम्मी. स्टोव्ह कललेला नव्हता.

"सहा आठवडे झाले," ती म्हणाली. "सहा आठवड्यांत एक तार सोडायला जमलं नाही?"

"तू यात पडू नकोस, लिआन. लाइनचा वेग मी ठरवत नाही. गार्ड खाली घेतला की मोठं हॅम पात्याखाली जात नाही. ते वळवून घ्यावं लागतं, मागे माल तुंबतो. वरचे लोक मला विचारतात."

"माझ्या वेळची तार कुणी बांधली होती, मामा?" डेरिननं विचारलं. आवाज न चढवता विचारलं. हा प्रश्न त्यानं सहा आठवड्यांत कुणालाच विचारला नव्हता, लिआननं विचारलं तेव्हा तिलासुद्धा उत्तर दिलं नव्हतं.

मामांनी तोंड पुसलं. "मी कुठे नाही म्हणतोय? इथे, घरात, मी नाही म्हणत नाही. पण कागदावर वेगळं असतं रे. निवृत्तीला माझी चार वर्षं राहिलीत."

"मी सही केली की दोष माझा. करवतीचा नाही, तारेचा नाही. मग ती तार सोडायचं कुणाला कारणच उरत नाही."

"तुला फाटकावर बसवायला मी कुणाकुणाच्या पाया पडलोय, माहितेय?" मामा आता लिआनकडे वळले. "तू समजाव याला. परवा फोनवर तूच म्हणालीस ना, करेल तो सही, मी बघते म्हणून?"

डेरिननं तिच्याकडे पाहिलं. मामांना फोन केल्याचं तिनं त्याला सांगितलं नव्हतं.

लिआनचे कान तापले. टेसा प्लेटमध्ये शेंगांची रांग लावत होती. तिचा श्वास आज साफ होता, पण लिआन तो ऐकत होती. ती कायमच ऐकत असायची.

"म्हणाले होते," ती म्हणाली. "उद्या पहाटे हिला धाप लागली तर पुन्हाही म्हणेन. पण मला एक सांगा, मामा. मारिसेलाची मुलं केवढी आहेत?"

"एक शाळेत जातो. एक लहान आहे. का?"

"नाही, यादी करायची झाली तर. तिचा हात गेल्यावर तिच्या घरी हॅम कोण नेणार? ती आपल्या चर्चची नाही ना."

"हे बोलणं तुला शोभत नाही."

"शोभणारं खूप बोलले. सहा आठवडे दारात उभी राहून बोलले. कुणी एकदा तरी विचारलं का, हे यांच्या गळ्याखाली उतरतं का म्हणून? तुम्ही विचारलंत? तुम्ही तर बघितलं होतं."

मामांनी खिशातून कागद काढला, घडी उलगडली आणि डेरिनच्या प्लेटशेजारी ठेवला. वर पेन ठेवलं. डेरिननं पेन उचलून मामांच्या हातात दिलं.

"नाही करणार," तो म्हणाला.

"शुक्रवारपर्यंत विचार कर."

"नाही करणार, मामा."

मामा उठले. अध्याय वाचायचा राहिला होता, शेवटची प्रार्थना राहिली होती. त्या घराण्यात जेवणावरून असं कुणी उठल्याचं लिआननं कधी पाहिलं नव्हतं. टेसानं तर नाहीच. ती हात जोडून, डोळे मिटून बसली होती, आणि दाराचा आवाज झाल्यावर तिनं एक डोळा उघडला. मामांच्या गाडीचा आवाज कोपऱ्यावरून वळून गेला.

"मला विचारायचं तरी होतंस," डेरिन म्हणाला. "फोन करायच्या आधी."

"हो."

"मग का नाही विचारलंस?"

"वाटलं, मामांनी सांगितलं की तू हसशील. त्यांच्यासमोर हसतोस तसा. आणि सही करून टाकशील, आणि मग ती माझ्यामुळे केली असं मला वाटणार नाही." तिनं टेसाला खाली उतरवलं. "आता तर विमापण गेला. मी काही खूश नाहीये, डेरिन. असं समजू नकोस."

"नाही समजत."

तिनं प्लेटा गोळा केल्या आणि सिंकमध्ये जरा जास्तच आवाज करत ठेवल्या. तव्यावरचा पाक काचेसारखा घट्ट झाला होता. तिनं गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडला आणि घासणीनं खरडायला लागली. ती शाळेच्या ग्रंथालयात अर्धवेळ होती, आणि अर्धवेळ काम करणाऱ्यांना विमा नसतो. पूर्णवेळची जागा कुणाची रिकामी होणार आहे, कुणाला विचारायचं, फवारे किती उरलेत. दोन. दीड. तिचे खांदे दुखायला लागले तरी ती खरडत राहिली.

मागे डेरिननं फोन लावला होता. जाकीट त्यानं केव्हाच काढून खुर्चीवर टाकलं होतं.

"मारिसेला? डेरिन बोलतोय. करवतीवरचा." तो थांबला. पलीकडे भांड्यांचा आणि मुलांचा गलका असावा. "जेवताय का? असू दे, दोनच मिनिटं. उद्या पाळी सुरू व्हायच्या आधी वरची तार सोड. पक्कड माझ्या कपाटात आहे. गार्ड खाली घे आणि मगच मशीन चालू कर... अडू दे लाइन. ओरडू देत... नाही, तुझं नाव नको सांगूस. माझं सांग. डेरिननं सांगितलंय म्हणावं."

पलीकडून तिनं काहीतरी विचारलं.

लिआननं नळ बंद केला.

"आहे की," डेरिन म्हणाला. "शुक्रवारपर्यंत आहे मी अजून तिथे."