हीटरचे ठोके

अमेरिकेत, बफेलो शहरातल्या त्या भाड्याच्या घरात थंडी सुरू झाली, तसा माझा जुना लोखंडी हीटर रोज घण घातल्यासारखे ठोके द्यायला लागला. घरमालक विटोल्ड खालच्या मजल्यावर राहायचे. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कामातून गेलेले. मी बोंब मारली की ते तळघरात उतरून बॉयलरमधलं गढूळ पाणी काढायचे, मग वर येऊन हीटरची झडप बदलायचे. ठोके काही थांबेनात.

"घर भाड्याने दिलंय की भंगार?" काल मी जिन्यातून ओरडले. सगळ्या बिऱ्हाडांनी ऐकलं.

आज ते उतार तपासायची पाणसळ घेऊन आले. जमिनीवर बसून त्यांनी ती हीटरवर ठेवली.

"उतार उलटा झालाय गं. वाफेचं पाणी झालं की ते आलं त्याच नळीतून परत जायला हवं. इथे साचतंय, म्हणून ठोकतंय. पण या टोकाखाली मी स्वतः दोन लाकडी पाचरी मारल्या होत्या. गेल्या कुठे?"

राहायला आले तेव्हा घाण दिसतात म्हणून मीच त्या उपटल्या होत्या. एक फेकून दिली. दुसरी माझ्या पाठीमागे, उघड्या दाराखाली सारलेली होती. मी हळूच पाय सरकवून ती झाकली.

"मला काय माहीत!"

"बरं, हात दे. उठवत नाही."

हात द्यायला मला पुढे व्हावंच लागलं. उठता उठता त्यांची नजर दाराखाली गेली.

"दार आपटत होतं होय?" ते म्हणाले. "मग सांगायचंस की, पोरी. तेही करून दिलं असतं."